चौथ्या प्रकरणातला म्हातारा

११ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी हे वाच आणि मी नक्की कोणासाठी लिहितोय ते मला सांग.

"वेष्टन फाटकं आलं. पुस्तक अजून वाचलेलं नाही. एक स्टार."

माझ्या कादंबरीवरचा हा पहिला अभिप्राय. मी तीन वर्षं मान मोडून लिहिलं आणि या गृहस्थाने पुठ्ठ्याचा खोका वाचला. आता दुसरा ऐक.

"झोंबी फारच सावकाश चालतात. माझी सासू यांच्यापेक्षा जोरात चालते. भीती वाटली नाही. दोन स्टार."

अगं, प्रेत आहे ते! मेलेला माणूस उठून चालायला लागला, हे या बाईला कमी पडलं. वर त्याने धावून दाखवायचं. आणि ही तिसरी:

"मुखपृष्ठावरचा हिरवा माणूस गमतीशीर वाटला म्हणून मुलाच्या वाढदिवसाला दिलं. मुलगा आता एकटा संडासात जात नाही. लेखकाने लाज बाळगावी."

'रात्रपाळीतली प्रेतं' असं नाव ठसठशीत छापलेलं पुस्तक हिने पोराच्या हातात ठेवलं आणि लाज मी बाळगायची!

पण खरं सांगू? शिव्या परवडल्या. कौतुक वाचलं की जास्त शिसारी येते. प्रकाशक म्हणतात, पुस्तक खपतंय ते एकट्या चौथ्या प्रकरणावर. तुला पाठवलेली प्रत तू उघडली नसशील हे मला माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. इस्पितळातली मेलेली माणसं उठतात. चौथ्या प्रकरणात खाटेवरचा एक म्हातारा आमच्या नायकाला, म्हणजे एका वॉर्डबॉयला, धरतो. बस, एवढंच. त्यावर ही मंडळी काय लिहितात बघ:

"चौथं प्रकरण!!! म्हाताऱ्याच्या पाठीतला तो खड्डा! मी उठून खिडकी उघडली. ओकारी आली. अप्रतिम. पाच स्टार."

"जेवताना वाचलं. ताट बाजूला सारलं. बायकोला वाचून दाखवलं, तिनेही सारलं. आता सासऱ्यांना देणार आहे."

"म्हातारा मनगट पिरगाळतो तिथे मी किंचाळलो आणि वॉर्डबॉय सलाइनच्या लोखंडी दांड्याने त्याचं डोकं फोडतो तिथे टाळ्या वाजवल्या. बसमध्ये होतो. सगळे बघायला लागले."

"लेखकाच्या घरात कोणी डॉक्टर आहे का? वास कागदातून येतो."

यांना काय सांगू? डॉक्टर नव्हे हो, बाप ड्रेसर होता, सगळी नोकरी लोकांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधण्यात गेली, असं सांगितलं तर हे उद्या बाबांची मुलाखत मागतील. कुठून येतात गं ही माणसं? यांना रक्त हवं, पू हवा, आणि तो चमच्याचमच्याने हवा. मी आपला वाढत बसलोय.

तुझ्या हर्नियाचं पत्र मिळालं. बाबांना उचलून उचलून झालं असणार, मी तुला आधीच सांगितलं होतं. ऑपरेशनची तारीख ठरली की कळव. काय जमतंय ते मी नक्की बघतो. बाबांना नमस्कार सांग, कळत असेल तर.

तुझा,
छोट्या


१९ फेब्रुवारी

छोट्या,

तुझे अभिप्राय मी दुकानात वाचले. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून खदाखदा हसणारी बाई बघून एक गिऱ्हाईक परत गेलं. मालकांनी विचारलं काय झालं, म्हणून त्यांनाही वाचून दाखवले. सासूवाल्या बाईला माझा नमस्कार कळव.

पुस्तक पोचलंय. उघडलं नाही, हे खरं आहे. मला असलं झेपत नाही आणि वेळ तरी कुठाय? बाबा मात्र ते छातीवर धरून पडून असतात. मागच्या पानावर तुझा फोटो आहे ना, त्यावर अंगठा फिरवत राहतात. वाचत काहीच नाहीत आता. बोलणं थांबलं त्याला वर्ष व्हायला आलं. पण कळत नाही असं समजू नकोस.

ऑपरेशन वीस मार्चला. त्यानंतर दहा दिवस मी वाकायचं नाही आणि काही उचलायचं नाही. म्हणजे बाबांना कुशीवर वळवायचं नाही, पुसायचं नाही, पडून पडून पाठीला झालेल्या जखमेची पट्टी बदलायची नाही. पगारी नर्स दोन ठेवून बघितल्या. एक न सांगताच गेली. दुसरीने पट्टी सोडताना 'शी' म्हटलं आणि नाक दाबलं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं ते संध्याकाळपर्यंत वळवलं नाही. तिला मीच घालवली.

आपल्या घरात 'शी' म्हणायला बंदी होती, आठवतं ना? वाटीत माशी पडली तरी 'शी' नाही. "पेशंट जखम बघत नसतो, तो तुमचं तोंड बघत असतो," हे बाबांचं रोजचं. आपल्या दोघांना समोरासमोर बसवायचे, मधे नासलेलं दूध ठेवायचे, आणि तोंड वाकडं न करता कोण जास्त वेळ बसतं ते बघायचे. तू दर वेळी हरायचास आणि मग आईच्या मागे जाऊन रडायचास.

म्हणून म्हणते, तूच ये. मागच्या खेपेला आठ दिवस राहतो म्हणालास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरलीस. काम निघालं म्हणालास. असेल. या वेळी काम आधीच उरकून ये.

आणि घरी फोन करू नकोस, हे पुन्हा सांगते. घंटा वाजली की बाबांना वाटतं वॉर्डातून बोलावणं आलं, आणि ते उठायला बघतात. तसेच पडले आणि कोपर फोडून घेतलं, ते अजून भरत नाही. पत्र बरं. दोनच ओळी लिही, पण येतोस म्हणून लिही.

ताई


१ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी प्रकाशकांकडे बसलो होतो. त्यांच्या टेबलावर कागदी पिशव्यांचा गठ्ठा होता. बसच्या लांबच्या प्रवासात उलटीसाठी देतात तसल्या. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "नवीन आवृत्ती. प्रत्येक पुस्तकासोबत एक पिशवी मोफत." पिशवीवर छापलंय: 'चौथ्या प्रकरणासाठी'. मला आधी वाटलं थट्टा करतायत. मग त्यांनी मागचं पान दाखवलं. माझा फोटो काढून तिथे अभिप्राय घातलेत. म्हणे तुमचा चेहरा फार सौम्य आहे, त्याने खप पडतो.

परवा एका ग्रंथालयात वाचनाचा कार्यक्रम झाला. पहिल्या रांगेत एक जोडपं तोंडाला टोमॅटो सॉस फासून बसलं होतं. सॉस वाळत चालला होता आणि नवरा मधूनमधून बोटाने काढून चाटत होता. मागून एक शाळकरी मुलगी ओरडली, "काका, खड्ड्यातलं वाचा!" मी वाचलं. सगळे एकदम "ईऽऽ" करून मागे सरले आणि मग हसले. घरी येऊन मी दोनदा तोंड धुतलं. किळस कोणाची आली ते कळलं नाही. सॉसची म्हणून सोडून दिलं.

आता मुख्य गोष्ट. प्रकाशकांना दुसरा भाग हवाय, आणि त्यात म्हातारा हवाच. मी म्हटलं, त्याचं डोकं फुटलंय. तर म्हणतात, "त्याने काय बिघडतं? आधीपण मेलेलाच होता ना?" महिनाअखेर पहिली पन्नास पानं द्यायची आहेत. वीस तारीख नेमकी त्याच्या मधे येते. तरी मी बघतोय. अगदी नाही असं म्हणत नाही.

दरम्यान एक चांगलं होतंय. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, अशा जखमांमधलेच. त्यांना दाखवायला बाबांच्या पाठीचं सविस्तर लिहून पाठवशील का? रंग, कडा, खोली, वास, सगळं. आडपडदा ठेवू नकोस. कोपराचंही लिही. आणि ते हातांचं अजून चालतं का, समोरच्याचं मनगट धरण्याचं? तेही कळव. जितकं बारीक लिहिशील तितकं त्यांना सोपं जाईल.

वेळ लावू नकोस. लगेच लिही.

छोट्या


७ मार्च

छोट्या,

डॉक्टर गाठलास हे फार बरं केलंस. मी इथे एकटीने किती दिवस अंदाजाने मलमं लावायची? बाबांना लगेच सांगितलं, "छोट्याने तुमच्यासाठी मोठा डॉक्टर बघितलाय." त्यांनी पुस्तक उलटं केलं आणि तुझ्या फोटोवर बोट ठेवलं. म्हणजे कळलं.

नीट दिसावं म्हणून आज टॉर्च लावून बघितलं. लिहून घे. जागा माकडहाडावर आहे, लहान बशीएवढी. मधे खोल आहे, माझ्या बोटाचं पेर आत जातं. तळ पिवळट, त्यावर सायीसारखा थर. डाव्या कडेला कातडी राखाडी पडलीय आणि खालून पोकळ झालीय, पट्टीचं टोक तिच्याखाली सरकतं. उजव्या कडेला लाल, दाणेदार मांस येतंय, तो चांगला भाग. तो जरा वाढला की मला दिवसभर बरं वाटतं. वास सकाळी जास्त. आधी सडक्या पाण्यासारखा येतो आणि मागून गोडसर. त्या गोडसर वासाची मला अजून सवय झालेली नाही. पट्टी चिकटते, म्हणून मिठाच्या पाण्याने भिजवून मगच सोडते. ओढली तर बाबा ओठ चावतात, आवाज करत नाहीत.

कोपर त्यापेक्षा बरं आहे. वरवर आहे, पण वाकवलं की उलतं.

हातांचं म्हणशील तर ते चालतंच. त्याचं डॉक्टरांना काय विचारायचं ते मला कळलं नाही.

ते काय म्हणतात ते लगेच कळव. आणि कोणत्या गाडीने येतोस तेही.

ताई


१२ मार्च

ताई,

काय लिहितेस तू! वाया गेलीस औषधाच्या दुकानात. 'मागून गोडसर' हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. आणि तो टॉर्च! वाचताना मी खुर्चीवरून उठलो.

डॉक्टर म्हणाले, चालू आहे तेच चालू ठेवा.

इकडे अभिप्रायांचा पूर आलाय. एकाने विचारलंय की म्हाताऱ्याला पहिल्या भागात इतक्या लवकर का मारलं, अजून थोडं छळायला हवं होतं. एकीने पिशवी वापरली आणि वापरलेल्या पिशवीचा फोटो पाठवला. हो, वापरलेल्या! प्रकाशकांनी तो चौकटीत लावलाय. मी त्यांच्या खोलीत जाणं बंद केलंय.

वीस तारखेचं काही केल्या जमत नाही गं. पानं अडकलीत. तू तिथे चांगली नर्स बघ, कितीही मागू दे, मी देतो. एप्रिलमध्ये नक्की येतो, आठ दिवस राहीन. रागावू नकोस.

छोट्या


१६ मार्च

काल दुपारी दुकानात गर्दी नव्हती. मालकांनी तुझं पुस्तक विकत आणलंय, नवीन आवृत्ती, पिशवीसकट. काउंटरमागे बसून ते औषधं लावणाऱ्या मुलीला चौथं प्रकरण वाचून दाखवत होते. ती "ईऽऽ" करत होती. मी गोळ्यांची पाकिटं मोजत होते. मग त्यांनी वाचलं, की म्हाताऱ्याच्या गळ्यात काळ्या नाडीत एक किल्ली होती आणि ती त्याच्या छातीवरच्या घामात चिकटली होती.

माझ्या हातातली पाकिटं खाली पडली.

ड्रेसिंगच्या कपाटाची किल्ली काळ्या नाडीत घालणारा दुसरा माणूस मला दाखव. मी पुस्तक मालकांच्या हातातून ओढून घेतलं आणि तिथेच उभ्याने ते प्रकरण संपवलं. कपाळावरची खोक आहे. डाव्या पायाचं जाड नख आहे. पाणी पिताना हनुवटीवरून ओघळतं ते आहे. लाळ म्हटलंयस तू त्याला. पाणी होतं ते, छोट्या, आणि ग्लास तू धरला होतास.

मला किळस आली. तुझ्या लोकांना येते ती नव्हे. मला तुझी किळस आली. मी दुकानाच्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, तरी गेली नाही. अजून आहे.

तुझा तो डॉक्टर कोण तेही कळलं. रंग, कडा, खोली, वास! आणि मी मूर्ख, टॉर्च घेऊन बसले. बाबांना जाऊन सांगितलं, छोट्याने डॉक्टर बघितलाय. ते माझ्याकडे बघून हसले होते, हे मी तुला त्या पत्रात लिहिलं नाही, कारण मला तू आलास की प्रत्यक्ष सांगायचं होतं.

आता मनगट पिरगाळण्याबद्दल. त्यावर लोक किंचाळतात म्हणे. मागच्या खेपेला तू पत्र्याचा डबा उघडताना बोट कापून घेतलं होतंस. रुमाल गुंडाळून खाटेशी बसला होतास आणि रक्त रुमालाच्या वर आलं होतं. बाबांनी डाव्या हाताने तुझं मनगट धरलं आणि उजवा हात त्याच्याभोवती फिरवायला लागले. हातात काही नव्हतं, पण ते पट्टी बांधत होते. आधी अंगठ्याने टोक दाबायचं, मग पहिला फेरा तिरका, मग प्रत्येक फेऱ्याने आधीचा अर्धा झाकायचा. लहानपणी गुडघा फोडून आलो की आपण हेच हात बघायचो. ते आता समोर दिसेल त्याला बांधतात. मला बांधतात, वरच्या मजल्यावरच्या शिवणवालीला बांधतात, खाटेच्या दांडीलाही बांधतात. तू "सोडा, सोडा" करून ओरडलास, हात हिसकलास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेलास. घरी जाऊन त्याच हातांचे राक्षसाचे हात केलेस आणि बसमधल्या माणसांना टाळ्या वाजवायला लावल्यास.

तुला बाबांची किळस आली, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. ती तू बाजारात मांडलीस, त्याबद्दल बोलतेय.

येऊ नकोस. मी ऑपरेशन पुढे ढकलतेय. सर्जन म्हणाले, आतडं अडकलं तर मग वेळ मिळणार नाही. अडकेल तेव्हा बघू. बाबांना मी अशा कोणाच्या हातात देणार नाही.

पुस्तक बाबांच्या छातीवरून काढून घेतलं. कालपासून शोधतायत.

ताई


२१ मार्च, घरून

ताई,

हे पत्र शिवणवालीबरोबर पाठवतोय. भूल उतरली असेल आणि माझं तोंड बघायची इच्छा नसेल, म्हणून मी स्वतः येत नाही. येऊ नकोस म्हणालीस तरी मी काल येऊन उभा राहिलो; तू मला दारातून घालवून दिलं नाहीस आणि ठरल्या तारखेलाच ऑपरेशनसाठी गाडीत बसलीस, एवढं पुरे आहे. जाताना फक्त मिठाच्या पाण्याचं पातेलं दाखवलंस.

आजची हकीकत लिहितो. ती वाचायला तुला आवडणार नाही.

सकाळी दूध-पाव दिला. त्यांनी खाल्ला. मग कुशीवर वळवलं, तू लिहिलं होतंस तशी पट्टी भिजवली, थांबलो, सोडली. तुझं पत्र मला पाठ होतं. पाठ असून काही उपयोग झाला नाही. तो खड्डा बघितला आणि माझ्या पोटातून सगळं वर आलं. मोरीपर्यंत पोचलोच नाही. बॅग उघडी होती, त्यात प्रकाशकांची पिशवी होती, तिच्यात ओकलो. 'चौथ्या प्रकरणासाठी'. पिशवी फाटत नाही, हा अभिप्राय मी स्वतः द्यायला तयार आहे.

परत आलो तर बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मी पट्टी बांधली. त्यांनी बांधून घेतली. दुपारचं खाल्लं नाही, संध्याकाळचंही नाही. तोंड अजून तिकडेच आहे.

किळस येते, ताई. तुझ्याशी आता खोटं कशाला लिहू? हात धुतले तरी वास जात नाही, मला माझीच बोटं नकोशी होतात. दुसऱ्या कोणाला तरी बघ. शिवणवाली तयार आहे, तिला मी विचारलं. मी रात्रीची गाडी बघू का, एवढंच सांग.

छोट्या


२२ मार्च, वॉर्डातून

छोट्या,

शिवणवालीचे डोळे अधू आहेत. तिला सुईत दोरा ओवता येत नाही हल्ली, ती पट्टी काय बदलणार? गाडीबिडी काही बघायची नाही.

ऐक. मलाही किळस येते. रोज सकाळी येते. तुला काय वाटलं, मी काय दगड आहे? आणि बाबांनाही यायची. हे आईने मला सांगितलं होतं, तुला कधी कळलं नसेल. घरी आले की आधी जिन्यात बसायचे. पाय धुवायचे नाहीत, आत यायचे नाहीत, कोणाशी बोलायचे नाहीत. अर्धा तास नुसते पायरीवर, तोंडात लवंग धरून. मग हसत आत यायचे आणि आपल्याला नासलेल्या दुधासमोर बसवायचे. ते दूध आपल्यासाठी नव्हतं रे. ते स्वतः आपल्या शेजारी बसून सराव करायचे.

तेव्हा किळस येऊ दे. ती जिन्यात नेऊन बसव. खाटेपाशी तोंडाने श्वास घ्यायचा आणि जखमेकडे बघायच्या आधी एकदा त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं. लवंगा वरच्या फळीवर निळ्या झाकणाच्या बरणीत आहेत.

माझा राग गेलेला नाही. टाके दुखतायत म्हणून थोडक्यात लिहितेय.

पुस्तक माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, जुन्या आवृत्तीचं. त्यांना द्यायचं की नाही ते तू ठरव.

ताई


२६ मार्च, घरून

ताई,

आधी पोटावर उशी दाबून धर, मग वाच.

परवा आणि काल बरे गेले. लवंगेने जीभ पोळलीय. जिना पाठ झालाय, चौथी पायरी हलते. पाठीची पट्टी मी आता तोंड सरळ ठेवून करतो. आतून काय होतं ते माझं मी बघतो. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळपासून बाबा पुन्हा दूध-पाव खातायत. पुस्तक दिलं. त्यांनी उलटं करून फोटो बघितला, मग मला बघितलं, मग पुन्हा फोटो. कोणता बरा वाटला कोण जाणे.

प्रकाशकांना पत्र टाकलंय. म्हातारा परत येणार नाही. पुढच्या आवृत्तीत चौथं प्रकरण असणार नाही, आणि ते तयार नसतील तर पुढची आवृत्तीही असणार नाही. छापून गेलेल्या प्रती मला परत आणता येत नाहीत. ते माझ्याजवळ राहील.

आता सकाळची गोष्ट. पाठ झाली, मग कोपर घेतलं. पाठ त्यांना दिसत नाही, पण कोपर डोळ्यांसमोर असतं. मी आपला गॉझ ठेवून पट्टी गुंडाळली, गाठ मारली आणि वर बघितलं. बाबा कोपराकडे बघत होते. नाक वर चढलेलं, ओठ वाकडा, अख्खं तोंड आंबट. त्यांचं तसं तोंड मी जन्मात बघितलेलं नाही. आणि मग ते बोलले. वर्षभर बंद असलेलं तोंड उघडून, खणखणीत, एकच शब्द.

"शी!"

आपल्याला कधी उच्चारू दिला नाही, तोच. मी पातेलं घेऊन उभाच राहिलो. त्यांनी उजव्या हाताने गाठ ओढून सोडली, फेरे उलगडून पट्टी खाली टाकली आणि कोपर माझ्यापुढे धरलं.

आजवर मला आलेल्या अभिप्रायांत इतका खरा एकही नव्हता. माझा पहिला फेरा सरळ होता, तिरका नव्हता. पुन्हा बांधली. पुन्हा "शी!" पुन्हा उलगडली. तिसऱ्या वेळी शब्दही वाया घालवला नाही, नुसतं तोंड केलं. मग माझं मनगट धरलं आणि उजवा हात त्याच्याभोवती फिरवायला लागले. मी या वेळी हात काढून घेतला नाही. नवीन पट्टी उघडून त्यांच्या बोटांत दिली.

त्यांनी माझ्या धडधाकट मनगटाला पट्टी बांधली. वेळ लागला, पण प्रत्येक फेरा आधीच्याचा अर्धा झाकत गेला. टोक आत खोचलं आणि वर दोन बोटं आपटली, लहानपणी आपल्या गुडघ्यावर आपटायचे तशी. मी रडलो. तोंड वाकडं झालं असणार, पण त्याला त्यांची हरकत दिसली नाही.

मग मी कोपर घेतलं. अंगठ्याने टोक दाबलं, पहिला फेरा तिरका. बांधून झाल्यावर त्यांनी कोपर वाकवून बघितलं, उलटसुलट करून बघितलं. काही बोलले नाहीत. पुस्तक उचलून छातीवर घेतलं आणि डोळे मिटले.

आता संध्याकाळ झालीय. दोनदा जाऊन बघून आलो. पट्टी अजून जागेवर आहे.

छोट्या